सरळ ओळींची फसगत

सर्व्हरकडे माहिती मागितल्यावर जावास्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत अडून बसत नाही. ‘उत्तर आले की हे कर’ असा निरोप, म्हणजे कॉलबॅक, ठेवते. कामे एकापाठोपाठची असली की निरोपात निरोप गुंततात. भाषेच्या २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीत ‘प्रॉमिस’ आणि २०१७ च्या आवृत्तीत ‘असिंक-अवेट’ आले. आज्ञा वरून खाली सरळ वाचता येऊ लागल्या. हा लाभ मोठाच. पण हाच सरळपणा फसवतो. परस्परांवर अवलंबून नसलेल्या, दोन-दोन सेकंदांच्या तीन मागण्यांपुढे ओळीने ‘अवेट’ लिहिले तर सहा सेकंद जातात. तिन्ही एकदम पाठवून ‘प्रॉमिस.ऑल’ वापरले तर सुमारे दोनच! म्हणून शिक्षकांनी ‘कोणते काम कशासाठी अडते?’ हे आधी फळ्यावर रेखाटून घ्यावे. ‘अवेट’ त्यानंतर शिकवावे.