समुद्राचे चालू खाते

प्रवाळ या प्राण्याशी माझी पहिली ओळख अनामिकेवरची. लग्न जमेना, तेव्हा मंगळाचा बंदोबस्त म्हणून आईने मला पोवळ्याची अंगठी घालायला लावली. लग्न जमले, अंगठी मात्र बोट जाड झाल्यामुळे आजतागायत निघालेली नाही. हे पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रात राहणाऱ्या एका जीवाचा सांगाडा, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेही माहूरला, जिथून समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. याचे सारे श्रेय आमच्या शाखाधिकाऱ्यांना.

साहेब मुंबईहून बदलून आले. ट्रकमधून कपाटे उतरली, गाद्या उतरल्या आणि सर्वांत शेवटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी उतरली. "यात समुद्र होणार," साहेब म्हणाले. जवळजवळ दोनशे लिटर पाणी आणि त्यात सात किलो मीठ! लिटरला पस्तीस ग्रॅम हा समुद्राचा दर. त्यात घासाघीस नाही.

"सात किलो मिठात आमच्या घरचं चार वर्साचं लोनचं होतंय की हो," आमचा शिपाई माझ्या कानात म्हणाला.

मी कर्मचारी संघटनेच्या अंकात नाट्यपरीक्षणे लिहितो. नांदेडच्या केंद्रावर राज्य नाट्यस्पर्धेतली नाटके बघायची आणि परतीच्या एस.टी.त ती पाडायची, हा माझा छंद. हे साहेबांना कळले. "अहो, मग आमच्या टाकीवर लिहा ना. पण अगदी प्रामाणिकपणे हं!" आपली रजा ज्याच्या सहीने मंजूर होते त्याने मागितलेली प्रामाणिक टीका किती प्रामाणिक असावी, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको. तरी बदलीची भीती आता उरलेली नाही. माहूरच्या पुढे पाठवणार कुठे? तेव्हा लिहितोच.

नेपथ्य उत्तम. निळसर दिवे, दगडांच्या कपारी, वर-खाली हेलकावणारे पाणी. शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, त्याची आठवण झाली. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय करोनात, २०२० साली, बंद झाले. तिथे मासा मोठा आणि पाटी छोटी होती. साहेबांच्या टाकीत उलट. प्रत्येक दगडासमोर पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि त्यावर प्रवाळाचे नाव: 'ईगल आय', 'रास्ता', 'अटर केऑस'. ही नावे शास्त्रज्ञांनी नव्हे, विकणाऱ्यांनी ठेवलेली. शास्त्रीय नाव लावले की भाव पडतो म्हणे. आणि हा माल डोक्यावर विकतात, म्हणजे एका पॉलिपला इतके रुपये.

संहितेची मात्र बोंब. नायक प्रवाळ आणि खलनायक शेवाळ असे योजले होते, पण पहिल्या अंकापासून रंगमंच खलनायकाच्याच ताब्यात. आधी सगळ्यावर तपकिरी धूळ बसली. हे डायटम, नव्या टाकीत ते येतात आणि बहुधा आपले आपण जातात, त्यांना फार मनावर घेऊ नये. दुसऱ्या अंकात हिरवे केस उगवले. तिसऱ्यात लालसर, बुळबुळीत साय पसरली. साहेब तिला 'लाल शेवाळ' म्हणत, पण ते शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. ओळखच चुकली तर औषध काय डोंबलाचे लागू पडणार? कर्ज थकले म्हणून ठेवीदाराला नोटीस पाठवण्यातला प्रकार.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला जीवशास्त्र कळत नाही, जमाखर्च कळतो. टाकीची खातेवही मांडली तशी भानगड दिसली. शेवाळ जगते नायट्रेट आणि फॉस्फेटवर. हे जमा कुठून होते? एक, बोअरच्या पाण्यातून. मे महिन्यात माहूरला पाणी भराभर आटते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, बाकी सगळे टाकीत शिल्लक. आणि साहेब रोज वरून बोअरचे भर घालणार. म्हणजे मुद्दल तसेच आणि व्याज चढतेच. दोन, खाद्य. रेणुकामातेच्या गावात दर्शनाला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. साहेबांकडे समुद्र आल्याचे कळल्यावर खातेदार, खातेदारांची मुले, दत्तशिखराहून उतरलेले पाहुणे, जो येई तो टाकीत चिमूटभर काहीतरी टाकी. एक आजी तर टाकीला हात जोडून गेल्या.

खर्चाची बाजू कोरी. म्हणून साहेबांनी शहरातून औषधाची बाटली मागवली. शेवाळ मेले, आठ दिवसांत दुप्पट उगवले. त्यात नवल नाही. मेलेले शेवाळ कुजते आणि खाल्लेले सगळे पाण्यात परत करते. आमच्यात याला कर्ज निर्लेखित करणे म्हणतात. कागदावर कर्ज जाते, भोक तिथेच राहते. शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर काढले तरच ते खऱ्या अर्थाने खर्ची पडते.

आता सर्वांत गमतीचा विसंवाद. साहेब ज्याच्यावर एवढे दात-ओठ खातात ते शेवाळ नायकाच्याच अंगात आहे! या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, उजेडावर अन्न शिजवते आणि बराचसा डबा घरमालकाला देते. पाणी फार तापले की हा भाडेकरू निघून जातो, प्रवाळ पांढरे पडते आणि पुढे बहुधा उपाशी मरते. आणि टाकीच्या काचेवर जो गुलाबी थर धरला म्हणून वहिनी घासत बसल्या होत्या, तेही शेवाळच, पण चांगल्या घरचे. ते धरावे म्हणून लोक नवस करतात.

मधल्या एका चिठ्ठीवर 'ब्रेन कोरल' वाचले आणि मी हादरलो. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईच्या सागरी रस्त्याच्या कामात २०२० साली किनाऱ्यावरची प्रवाळे उचलून दुसरीकडे लावायची होती, तर तेवढ्या बदलीसाठीही वनखात्याची परवानगी लागली. आणि इथे दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी? मी साहेबांना हळूच सांगितले. साहेब मटकन बसले.

खरे प्रवाळ बहुधा रात्री स्पर्शिका बाहेर काढते. दगडी असेल तर त्या सहाच्या पटीत, मऊ प्रवाळाला पिसासारख्या आठ. दिवे मालवून आम्ही दोघे विजेरी घेऊन बाराला बसलो ते दोनपर्यंत. काही बाहेर आले नाही. शेवटी साहेबांनी सुईने टोकरले. आतून पांढरे प्लॅस्टिक. टाकीतला एकमेव निरोगी कलावंत नकली निघाला! फसवणुकीचा एवढा आनंद झालेला माणूस मी बँकेत दुसरा पाहिलेला नाही.

पण ओळख चुकण्यातली खरी धास्ती दुसऱ्या दिवशी कळली. एका दगडावर तपकिरी गोंडे दाटले होते. "हे शेवाळ काही निघत नाही, भावजी. आता उकळतं पाणीच ओतते," म्हणत वहिनींनी दगड मोरीत काढून ठेवला होता आणि आधण चढवले होते. चिठ्ठी पडून गेली होती. मी नुकताच वाचून आलो होतो म्हणून बरे. ते गोंडे पॅलिथोआचे होते. त्यात पॅलिटॉक्सिन नावाचे जालीम विष असू शकते; ते १९७१ साली हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून वेगळे काढले. तिथले लोक पूर्वापार त्याला 'हानाचे मारक शेवाळ' म्हणत. म्हणजे ही चूक वहिनींच्याही आधीची. २०१८ साली इंग्लंडमध्ये टाकीतला असा दगड घासल्याने घरातल्या साऱ्यांना रुग्णालयात जावे लागले. उकळते पाणी ओतले की तेच विष वाफेबरोबर नाकात. मी गॅस बंद केला. तेवढ्यात साहेबांचा धाकटा दगडाला बोट लावायला वाकला होता. त्याला बखोटीला धरून ओढले. वहिनी पार पांढऱ्या पडल्या. त्या दिवशी चहा कोणी केला नाही.

दगड हातमोजे घालून, ओलाच, झाकणाच्या डब्यात गेला. आता साहेब आर.ओ.चे पाणी घालतात, दिवे कमी तास लावतात, रविवारी बाही वर सारून हिरवे केस उपटतात. पाणी एकदम निष्कांचन करू नका, असेही मी बजावले आहे. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आले तर डायनोफ्लॅजेलेट नावाची वेगळीच पीडा उठते. खात्यात किमान शिल्लक हवीच. प्रयोग अजून तालमीतच आहे, पण नायक विंगेतून डोकावू लागला आहे.

टाकीवर माझ्या अक्षरात पाटी लागली : 'खाद्य टाकू नये. हुकुमावरून.' शिपायाने ती दोनदा वाचली आणि विचारले, "सायेब, मग बाजूला पेटी ठिवू का? लोकं काहीतरी टाकल्याबिगर जात न्हाईत."