कै. वसंतराव साठे यांचा अध्यक्षीय पक्ष आणि दूरचित्रवाणी

नागपूरकर कै. वसंतराव साठे (१९२५–२०११) यांच्या नांवावर दोन प्रकरणें जमा आहेत. केंद्राचें माहिती व नभोवाणी खातें १९८० ते १९८२ त्यांजकडे असतां, गरीब देशास ही चैन कशाला, या आक्षेपास न जुमानतां त्यांनीं रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरला. १५ ऑगस्ट १९८२ रोजीं ती सुरू झाली. पुढें १९८९ सालीं ‘टू स्वोर्ड्‌स इन वन स्कॅबर्ड’ हा इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनीं अध्यक्षीय राज्यपद्धतीचा कैवार घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मतें हीं दोन प्रकरणें एकत्र वाचल्यावांचून दुसऱ्याचें परीक्षण पुरें होत नाहीं; आणि तीं एकत्र येतात तें स्थळ अमेरिका होय.

तेथें २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथें केनेडी व निक्सन यांचा वाद कोट्यवधि लोकांनीं पाहिला. रेडिओवर ऐकणारांस निक्सन सरस वाटले व पाहणारांस केनेडी, ही कथा तेव्हांपासून ग्रंथोग्रंथीं उतरत आली आहे. तिचें मूळ शोधूं जातां हातीं लागते ती एका खासगी संस्थेची पाहणी, व तींत रेडिओचे श्रोते तीनशेंहूनहि कमी! वॅन्सिल व पेंडेल या अभ्यासकांनीं १९८७ सालीं हा पुरावा तपासून तो लंगडा ठरविला. बखरींतील लढाईचे आंकडे पारखून घेणाऱ्या आपल्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. मात्र कथा लटकी ठरली तरी तिचा धाक खरा होता: यानंतर १९७६ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, अध्यक्षपदाचे उमेदवार तशा वादास उभे राहिले नाहींत.

साठ्यांच्या पक्षाची खरी अडचण येथेंच आहे. मुख्य सत्ताधारी लोकांनीं थेट निवडावा म्हणजे फुटीर सभासदांची मिनतवारी सुटेल, हा विचार टाकाऊ नाहीं. परंतु अमेरिकेंत ज्या वाहिन्यांनीं अध्यक्षास मोठें केलें, त्यांतील प्रमुख खासगी मालकीच्या होत्या, व जॉन्सन आणि निक्सन यांस त्यांनींच अडचणींतहि आणलें. इकडे १९८९ सालीं दूरदर्शन एकटेंच, आणि तें सरकारी खात्याच्या हुकमतींत. व्हर्गीज समितीनें १९७८ सालीं सुचविलेली स्वायत्तता कागदावरच होती. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा व अंमल १९९७ चा. अखबारनविसाचा पगार कोण देतो हें पाहूनच आपण दरबारी पत्राची किंमत करतों. येथें तर मालक आणि पत्राचा नायक एकच झाले असते. म्यानांतील दोन तरवारींची चिंता वाहणाऱ्या माजी नभोवाणीमंत्र्याच्या पक्षाचें बळ या तिसऱ्या हत्याराच्या हिशेबावर ठरावयाचें.

अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठ ५ ऑगस्ट १९६८ पासून वार्ताप्रक्षेपणें जतन करीत आहे, म्हणून तेथील पुढील कथा ताडून पाहतां येतात. १९८२ च्या रंगवादासंबंधीं वऱ्हाड-नागपुराकडील ज्यांच्या दप्तरीं पत्रें, कात्रणें वा ध्वनिफिती असतील, त्यांनीं त्यांची यादी मंडळाकडे धाडावी.