दान आणि पतपुरवठा : बँकांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची चिकित्सा

वित्तसंस्थेचे समाजाप्रती असलेले कर्तव्य तिच्या नफ्याच्या वाटपात शोधावे, की तो नफा ज्या व्यवहारातून निर्माण होतो त्या व्यवहारात शोधावे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमाने त्याला व्यावहारिक महत्त्व प्राप्त करून दिले आहे. १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आलेल्या या कलमान्वये ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. कंपनी म्हणून नोंदलेल्या खाजगी बँकाही या कक्षेत येतात.

या कलमाखालील नियमांतील एक तरतूद विशेष विचारार्ह आहे. कंपनीच्या नित्य व्यवसायाचा भाग असलेले कार्य सामाजिक उत्तरदायित्वात गणले जात नाही. साबणाच्या कारखानदारास ही मर्यादा योग्यच होय. अन्यथा मालाची जाहिरातही लोकसेवा ठरली असती. बँकेच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम विपरीत होतो. रुग्णवाहिका दिली तर ते सामाजिक कार्य; कोरडवाहू शेतकऱ्यास वेळेवर व वाजवी व्याजाने कर्ज दिले तर तो केवळ धंदा! वस्तुतः रुग्णवाहिका कोणीही दाता देऊ शकतो. पतपुरवठ्याचे साधन व ज्ञान फार थोड्या संस्थांपाशी असते.

या देशात बँकांच्या कर्तव्याचा विचार मुळात दानाच्या अंगाने झालेला नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जातील वाणिज्य बँकांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आढळला. त्या पाहणीच्या निदेशक समितीत धनंजयराव गाडगीळ होते. तिच्या शिफारशींनंतर १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली आणि पाच वर्षांत किमान ४०० शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. पुढे १९६९ साली गाडगीळ अभ्यासगटाने क्षेत्रवार विकासाची कल्पना मांडली व तीतून अग्रणी बँक योजना निघाली. अग्रक्रम क्षेत्रास ४० टक्के कर्ज देण्याचे आजचे बंधनही याच परंपरेतील आहे. परंतु हे उद्दिष्ट अपुरे राहिल्यास तुटीपोटी ग्रामीण पायाभूत विकास निधीसारख्या निधीत रक्कम ठेवण्याची सोय आहे. त्या पैशांतून रस्ते व पूल होतात, हे खरे. पण बँक आणि लहान कर्जदार यांचा संबंध जुळत नाही.

अर्थात, कर्ज म्हणजेच सेवा हे समीकरणही तितकेच फसवे आहे. आंध्र प्रदेशात २०१० साली सूक्ष्म कर्जांच्या वसुलीवरून उद्भवलेल्या संकटाने ते सिद्ध केले. ज्याच्यापाशी परतफेडीचे साधन नाही, त्याला कर्ज हे ओझेच ठरते. म्हणूनच १९८२ साली उजिरे येथे धर्मस्थळाच्या न्यासाने सिंडिकेट व कॅनरा या बँकांसह सुरू केलेल्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे उदाहरण बोधप्रद वाटते. तेथे ग्रामीण तरुणांना निवासी व विनामूल्य प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर बँकेच्या कर्जाशी त्यांची गाठ घालून दिली जाते. येथे दान कर्जाची जागा घेत नाही. ते कर्ज पेलण्याचे सामर्थ्य निर्माण करते.

बँकेच्या सामाजिक कार्याचे मूल्यमापन खर्चाच्या आकड्यावरून करणे म्हणूनच अपुरे आहे. ज्या गावात तिने देणगी दिली, तेथील किती माणसे पुढे तिच्या दारात कर्जदार म्हणून मानाने उभी राहू शकली, हा निकष अधिक कठोर आणि अधिक न्याय्य होय.