फुंकर नसलेला वाद्यमेळ

जुलमी राजवट पडद्यावर आली की मागे पितळी वाद्यं गर्जणार, हे आपल्या कानांना पाठ झालेलं असतं. फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९६६) संगीतकार बर्नार्ड हरमनने पितळेला हातही लावला नाही. पुस्तक बाळगणं हा इथे गुन्हा, आणि अग्निशामक दलाचं काम पुस्तकं जाळण्याचं. या जगासाठी त्याने घेतली तंतुवाद्यं, हार्प, झायलोफोन, मरिंबा, व्हायब्राफोन आणि ग्लॉकनस्पील. वाद्यं घासायची, छेडायची किंवा ठोकायची. फुंकायचं एकही नाही. बासरी नाही, ओबो नाही, हॉर्नही नाही. माणसाचा श्वासच या वाद्यवृंदातून काढून घेतला आहे, आणि तो कशासाठी हे शेवटच्या दृश्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीची श्रेयनामावली वाचायची नसून ऐकायची आहे. अक्षरांवर बंदी असलेल्या जगात पडद्यावर तरी नावं कशी उमटतील? घरांच्या छपरांवरच्या टीव्ही-अँटेनांवर कॅमेरा झेपावत राहतो, प्रत्येक चित्र वेगळ्या रंगात रंगवलेलं, आणि एक कोरडा आवाज नावं सांगत जातो. त्याखाली हार्प आणि व्हायब्राफोनचे सूर लुकलुकतात. धमकी कुठेच नाही, उलट मोह पडावा इतकं ते सुंदर आहे. पण सूर चमकतात, पुढे जात नाहीत. चाल सुरू होणार असं वाटेपर्यंत तिथेच फिरतात. माणसाला गुंगवून जागच्या जागी ठेवणाऱ्या समाजाचं इतकं नेमकं वर्णन संवादांत कुठे सापडत नाही.

मग बंब निघतो. लालभडक, खेळण्यातला वाटावा असा, त्यावर पुतळ्यांसारखे ताठ उभे जवान. इथे झायलोफोनची खडखड पुढे येते. हरमनची जुनी खोड म्हणजे लांब चाल न बांधता दोन-चार सुरांचा तुकडा घोळवत राहणं. ‘सायको’त (१९६०) त्याच खोडीने सुरा चालवला होता, इथे ती बंबाचं इंजिन होते. लाकडी पट्ट्यांचा तो कोरडा टणत्कार ऐकताना पाय आपसूक ठेका धरतो आणि लगेच मनाला खटकतं, की आपण जाळपोळीला निघालेल्यांच्या तालावर डोलतोय. प्रेक्षकाला असं नकळत सामील करून घेणं हे वरच्या दर्जाचं कसब.

पुस्तकं दडवून ठेवणाऱ्या एका म्हातारीच्या घरातल्या होळीत तर त्रुफोने डोळ्यांची परीक्षाच पाहिली आहे. साल्वादोर दालीच्या चित्रांच्या पुस्तकाची पानं वाऱ्याने उलटतात. ज्या ‘काहिए द्यु सिनेमा’त त्रुफो स्वतः लिहायचा, त्याचा अंकही आगीत दिसतो. (स्वतःवरचा हा चिमटा मला फार आवडतो.) या तुकड्याचं हरमनने दिलेलं नाव ‘आगीची फुलं’ अशा अर्थाचं आहे, आणि संगीतही नावाला जागतं. आक्रोश करण्यापेक्षा ते ज्वाळांचा रंग टिपतं. कागदाची कड काळी पडून पान वळतं, तेव्हा ते पाहण्यात क्षणभर सुखही वाटतं. त्या सुखाची लाज वाटायला लावणं हे काम संगीताने केलं आहे.

शेवटी जंगलातली पुस्तक-माणसं येतात. एकेकाने एकेक पुस्तक तोंडपाठ केलेलं. चित्रीकरणात अनपेक्षित बर्फ पडला आणि त्रुफोने तो तसाच ठेवला. इथे पहिल्यांदाच हरमनचे तंतू जागच्या जागी न घुटमळता लांबवर, सलग गातात. त्यांच्यावरून माणसांचे पुटपुटणारे आवाज एकमेकांत मिसळत जातात, निरनिराळ्या भाषांतले. वाद्यवृंदात इतका वेळ नसलेला श्वास तो हाच. सुषिर वाद्यांची रिकामी ठेवलेली जागा माणसांच्या गळ्यांनी भरली जाते. हरमनने हे ठरवून केलं असेल वा नसेल, कानाला मात्र जोड दिसत नाही.

या संगीतातल्या निवडक तुकड्यांची हरमनने पुढे स्वतंत्र मालिका केली आणि स्वतः संचालन करून ती ध्वनिमुद्रितही केली. वादन लखलखीत आहे. तरी अखेरचा ‘द रोड’ तिथे मला अपुराच वाटतो, कारण तबकडीवर ती पुटपुटणारी माणसं नाहीत. तो पडद्यासमोर बसूनच ऐकावा.