कार्लिनच्या तबकड्या

अमेरिकन विनोदकार जॉर्ज कार्लिन आज बहुतेकांना भेटतो तो मोबाइलवर. काळे कपडे, पांढरी दाढी, आणि धर्मावर किंवा राजकारण्यांवर डागलेली दोन मिनिटांची तोफ. या तुकड्यांमुळे ‘परखड मतांचा माणूस’ अशी त्याची ओळख पक्की झाली आहे. मला ती फार अपुरी वाटते. कार्लिन हा आधी नादाचा माणूस होता. त्याच्या ध्वनिमुद्रिका १९६० च्या दशकापासून २००८ पर्यंत निघत राहिल्या. त्या क्रमाने ऐकल्या की त्याची मतं बदलत गेलेली कळतातच, पण वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं आणि हशा ओसरायच्या आत पुढचा शब्द कसा टाकायचा हे तो आयुष्यभर शिकत होता, हे त्याहून स्पष्ट ऐकू येतं. ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ पुस्तकाआधी पुलंच्या आवाजात ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. असं ऐकताना श्रोत्यांचा हशाही मजकुराचाच भाग होतो.

१९६७ ची ‘टेक-ऑफ्स अँड पुट-ऑन्स’ ऐकावी ती मुख्यतः तुलनेसाठी. तेव्हाचा कार्लिन टीव्हीवर सहज खपेल असा गुळगुळीत विनोदकार आहे. रेडिओवरचे निवेदक, बातम्या देणारे, तंद्रीत हवामान सांगणारा अल स्लीट या नकला चोख आहेत, कारण तरुणपणी त्याने स्वतः रेडिओवर काम केलं होतं. पण बोलतात ते सगळे दुसरे. त्याचा स्वतःचा आवाज इथे नाही.

तो सापडतो १९७२ च्या ‘एफएम अँड एएम’मध्ये. या तबकडीची कल्पनाच मोठी सुरेख आहे. अमेरिकेत तेव्हा एएम म्हणजे सर्वांना चालणारा जुना रेडिओ आणि एफएम म्हणजे तरुणांचा नवा. कार्लिनने एका बाजूला नवा मजकूर ठेवला: केस, अमली पदार्थ, संततिनियमन. दुसऱ्या बाजूला जुन्या धाटणीच्या नकला. ध्वनिमुद्रण एकाच ठिकाणचं, जून १९७१ मधलं, वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ क्लबमधलं. त्यामुळे दोन कार्लिन शेजारी-शेजारी उभे राहतात आणि कोणता जिवंत आहे हे कुणी सांगावं लागत नाही. कलावंताने स्वतःची कात टाकणं श्रोत्यांसमोर मांडून ठेवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला विनोदाच्या क्षेत्रात दुसरं ठाऊक नाही. या तबकडीला ग्रॅमी मिळालं.

त्याच वर्षी आलेली ‘क्लास क्लाउन’ माझ्या लेखी त्याच्या तरुणपणाचं शिखर आहे. ती प्रसिद्ध आहे टीव्हीवर कधीच उच्चारता येत नाहीत अशा सात शब्दांमुळे. पण त्या शब्दांपर्यंत पोहोचायच्या आधी तो वर्गातल्या टिवल्याबावल्यांत रमतो. ओठांचे फुर्रर्र, गालांचे पॉप, बोटांची कडकड, मास्तरांची पाठ वळताच काढलेले आवाज. मॅनहॅटनच्या कॅथलिक शाळेतला तो मुलगा तोंड हेच वाद्य समजतो. मग शेवटी सात शब्द येतात तेव्हा तेही त्याच वाद्यातून येतात. त्यांची यादी तो लयीत म्हणतो, अक्षरांचं वजन सांभाळून, आणि मग एकेक शब्द उचलून त्याला निरनिराळ्या वाक्यांत बसवून बघतो. त्यात किळस नाही, भाषेबद्दलचं निखळ कुतूहल आहे.

१९७३ च्या ‘ऑक्युपेशन: फूल’मध्ये हाच विषय लांबवला आहे. ३० ऑक्टोबर १९७३ च्या दुपारी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओ केंद्राने तो भाग प्रसारित केला. मुलासोबत गाडीतून जाणाऱ्या एका गृहस्थाने तो ऐकून प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आयोगाच्या बाजूने लागला. निकालपत्राला त्या मजकुराची प्रत जोडलेली आहे, हशाच्या जागा कंसात दाखवून. ती वाचणं आणि तबकडी ऐकणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. कागदावर उरतात फक्त शब्द. ज्या लयीने ते निरुपद्रवी होत जातात ती कागदाला पकडता येत नाही.

पुढची काही वर्षं उतरणीची. ‘टोलेडो विंडो बॉक्स’पासून विषय सैल पडतात. कोकेनच्या आहारी गेलो होतो हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. तरी १९७५ च्या तबकडीत बेसबॉल आणि फुटबॉलची तुलना आहेच: एका खेळाची भाषा घरगुती, दुसऱ्याची लष्करी. हाच भाग त्याने १९८४ च्या ‘कार्लिन ऑन कॅम्पस’मध्ये पुन्हा घेतला. पहिल्यात तो गंमत सांगतो. दुसऱ्यात दोन खेळांसाठी दोन आवाज, एक मऊ, एक दरडावणारा, आणि रचना पदासारखी घट्ट.

१९७७ पासून एचबीओ वाहिनीवर त्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि ध्वनिमुद्रिका हळूहळू त्या चित्रीकरणांची सावली बनल्या. हे नुकसानच झालं. कार्लिनचा चेहरा बोलका होता, पण डोळे मिळाले की आपले कान आळशी होतात. म्हणून १९९० पासूनचा कार्लिनही मी आधी फक्त ऐकावा असं म्हणेन. त्या वर्षीच्या ‘पेरेंटल अ‍ॅडव्हायजरी’मध्ये युद्धाने खचलेल्या सैनिकांच्या अवस्थेला पिढ्यान्‌पिढ्या दिलेली नावं तो एकापुढे एक ठेवतो. पहिल्या महायुद्धातलं नाव दोन शब्दावयवांचं, ठोसा बसावा तसं. व्हिएतनामनंतरचं आठ अवयवांचं, मध्ये जोडरेघ. नाव लांबत जातं तशी वेदना त्यातून निसटते, हे तो युक्तिवादाने पटवत नाही, अवयव मोजून कानाला ऐकवतो. इथे त्याचा संताप आणि त्याची कारागिरी एकजीव होतात. १९९२ च्या ‘जॅमिन इन न्यूयॉर्क’मध्ये हा एकजीवपणा शेवटपर्यंत टिकतो. आखाती युद्धावरचा भाग, विमानातल्या सूचनांची चिरफाड, आणि पृथ्वीला काही होणार नाही, जाऊ ते आपण, असं सांगणारा शेवट. संपूर्ण कारकिर्दीतली एकच तबकडी निवडायची तर मी हीच निवडेन.

नंतरच्या कार्लिनबद्दल माझी तक्रार आहे. १९९९ च्या ‘यू आर ऑल डिझीज्ड’मध्ये आणि त्यापुढे तो श्रोत्यांकडे पाठ फिरवून बोलतोय असं अनेकदा वाटतं. याद्या लांबतात, चीड एकाच सुरात राहते. टाळ्या वाढतात, पण त्या सहमतीच्या टाळ्या; हशा आपोआप फुटतो तशा त्या नसतात. २००५ च्या ‘लाइफ इज वर्थ लूझिंग’ची सुरुवात मात्र थक्क करणारी आहे: आधुनिक माणसाच्या भाषेतले शब्द यमकांच्या भडिमारात, श्वास न घेता. अडुसष्टाव्या वर्षी ही जीभ.

त्याच कार्यक्रमात एका आपत्तीतून दुसरी पेटत जाणारी लांबलचक गोष्ट आहे. तिचा आधीचा खर्डा ९ आणि १० सप्टेंबर २००१ ला लास व्हेगासमधल्या एका कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झाला होता. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कवर हल्ला झाला, आणि मोठ्या संहारांबद्दलच्या त्या कार्यक्रमाला जागा उरली नाही. नोव्हेंबरमध्ये त्याऐवजी ‘कम्प्लेंट्स अँड ग्रीव्हन्सेस’ सादर झाला. ती बाजूला ठेवलेली ध्वनिमुद्रणं २०१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, प्रसिद्ध झाली. ती कलाकृती म्हणून पूर्ण नाहीत, पण अभ्यासकाने ती २००५ च्या आवृत्तीला लावून ऐकावीत. आपत्ती त्याच आहेत. चार वर्षं एक परिच्छेद जवळ ठेवून तो पुन्हा पुन्हा घोटणारा माणूस त्या दोन्हींमध्ये आहे.