कान्होपात्रा आणि बालगंधर्वांचा उत्तरकाल

बालगंधर्वांच्या चरित्राची जी मांडणी आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यात उत्तरकालाला बहुधा एकच शब्द लावण्यात येतो. तो म्हणजे ‘ऱ्हास’. १९११ सालचे ‘मानापमान’, १९१६ सालचे ‘स्वयंवर’ आणि १९१९ सालचा ‘एकच प्याला’ ही शिखरे. पुढे कर्ज, बोलपटांचे आक्रमण, वार्धक्य आणि अखेरीस भजने, अशी ही उतरण दाखविली जाते. रंगभूमी हातची गेली म्हणून नारायणराव देवाच्या गाण्याकडे वळले, असा तिचा मथितार्थ. आमच्या मते या मांडणीत कार्यकारणाचा क्रम उलटा लागला आहे. त्यांच्या उत्तरकालीन गायनाचे बीज १९३१ साली ‘कान्होपात्रा’ नाटकात पडले. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ त्याच वर्षी प्रकट झाला होता. मराठी बोलपट तर अद्याप यावयाचाच होता.

आधी वैभवाचा विचार करू. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, आणि १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, उंची गालिचे, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर, थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी असा तिचा थाट होता. नारायणरावांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी नारायणराव. या थाटाला दिपलेल्या रसिकाने पुढे पोशाख आणि गाणे ही एकच वस्तू मानली, आणि एक उतरताच दुसरीही संपली असा निवाडा दिला.

परंतु हा निवाडा त्या वैभवकाळातच खोटा ठरला होता. ‘एकच प्याला’ मधील सिंधू हे त्याचे प्रमाण. जरीकाठ आणि अलंकार यांसाठी ख्यात असलेला हा नट फाटके लुगडे नेसून दळावयास बसला, आणि प्रेक्षकांची दृष्टी क्षणभरही ढळली नाही. शृंगार वजा केल्यावर बाकी काय राहते, याचा हिशेब त्या एका भूमिकेत चोख मिळतो. राहतो तो शब्दांवर अलगद ठेवलेला सूर; एकाच अक्षरावर पुनःपुन्हा नवी छटा देणारी, तरी अर्थ न विसरणारी, लहान लहान हरकतींची गायकी.

तथापि अभिरुची पालटत होती, हे नाकारता येत नाही. १९३२ साली ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला, आणि त्यात राजा हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले ते गंधर्व मंडळीचे एक संस्थापक गोविंदराव टेंबे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली. तीत स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली आणि गाणी मोजकी ठेवली. रात्र सरेपर्यंत ‘वन्समोअर’ घेणाऱ्या नाटकाला आता घड्याळाचा धाक बसू लागला. पुरुषाने स्त्री व्हावे ही कल्पना पूर्वी अलौकिक वाटे. ती हळूहळू केवळ विचित्र वाटू लागली.

वेषावर कीर्ती उभारणाऱ्या प्रत्येक गायकापुढे हा प्रसंग कधी ना कधी येतो. इंग्लंडात १९७० नंतर ‘ग्लॅम रॉक’ नावाचा संगीतप्रकार लोकप्रिय झाला. त्यातील तरुण मुखास रंग लावून, चकचकीत व स्त्रैण भासणारी वस्त्रे घालून गात. त्यांच्यातील अग्रणी डेव्हिड बोवी याने ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या रंगमंचावरून आपल्या ‘झिगी स्टारडस्ट’ या सोंगाचा शेवट जाहीर केला. लोकांस वीट येण्यापूर्वीच त्याने सोंग मोडले, आणि तो पुढे निराळा गायक म्हणून चाळीसहून अधिक वर्षे जगला. नारायणरावांना असे जाहीरपणे सोंग मोडणे कधीच साधले नाही. मात्र त्यांनी दुसरीच गोष्ट केली, आणि तिचे मोल कोणी नीट केलेले नाही: सोंगाच्या आतच त्यांनी नवा गायक घडविला.

ना. वि. कुलकर्णी यांच्या ‘कान्होपात्रा’ नाटकाचे महत्त्व येथे आहे. मोहोळहून पंढरपूर आणि मंगळवेढे ही दोन्ही गावे जवळची. त्यामुळे या भागात कान्होपात्रेची कथा कोणी पुस्तकातून शिकत नाही. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही रूपवती कन्या. नाचगाण्याचा धंदा तिने नाकारला, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा पंढरीच्या विठ्ठलाचे पाय धरले आणि तेथेच देह ठेवला, अशी परंपरा सांगते. देवळातील तरटीचे झाड आजही तिच्या नावाने दाखवितात. ज्याची सारी कीर्ती रूपावर आणि शृंगारावर उभी आहे, त्या नटाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी रूप हेच संकट मानणाऱ्या स्त्रीची भूमिका घ्यावी, ही गोष्ट अर्थशून्य नव्हे.

त्या नाटकातील दोन अभंग विशेष गाजले. एक स्वतः कान्होपात्रेचा. दुसरा चोखोबांचा ‘जोहार’. दोघेही मंगळवेढ्याचे, आणि दोघेही देवळाच्या उंबरठ्याबाहेरचे. आमच्या या मुलुखातील कानाला अभंग ओळखीचा आहे तो टाळ-पखवाजाच्या गजरात, दिंडीच्या चालीवर, अनेक कंठांतून एकदम उठणारा. त्या कानाला नारायणरावांचा अभंग प्रथम परका वाटतो. त्याला मागे धरणारे टाळकरी नाहीत; त्याची लय संथ आहे; शब्द ऑर्गनच्या दीर्घ स्वरावर तोलून एकेक पुढे येतो. वारकरी चालीचा अभिमानी याला ‘नाटकी’ म्हणेल. पण कान्होपात्रेला गुरू नव्हता, फड नव्हता, दिंडी नव्हती. संतपरंपरेत ती एकटी उभी आहे. एकटीच्या आर्ततेला समूहाची चाल शोभली नसती. नारायणरावांनी अभंगाला एकाकीपण दिले, आणि ‘जोहार’ ज्या नमस्काराने जातीची पायरी दाखविली जाई, त्या शब्दाला त्यांच्या गळ्यात असे मार्दव आले की, पायरी ऐकणाऱ्यालाच टोचू लागते. पुढे १९३३ साली ‘अमृतसिद्धी’त त्यांनी मीराबाई उभी केली, तोही याच वाटेवरचा टप्पा होय.

मग १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’चे अपयश कसे समजावे? मंडळीचे काम थांबवून नारायणराव ‘प्रभात’शी भागीदार झाले, शांताराम यांचे दिग्दर्शन, मास्तर कृष्णरावांचे संगीत, विषय अस्पृश्यतेचा आणि भूमिका संत एकनाथांची. आरंभी योजिलेले ‘महात्मा’ हे नाव सरकारी परीक्षकांच्या हरकतीमुळे बदलावे लागले. एका चित्रानंतर भागीदारी संपली. पुरुषवेषातील गंधर्व लोकांना रुचले नाहीत, असे कारण सांगतात. दुसरे कोणी बोलपटाच्या आखूड गाण्यास दोष देतात. परंतु ग्रामोफोनच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत त्यांनी जे साधले ते पाहता हा आक्षेप टिकत नाही. आम्हांस कारण भूमिकेत दिसते. एकनाथ हे दाते आहेत. उंबरठ्याच्या आत उभे राहून ते बाहेरच्याला जवळ घेतात. नारायणरावांचा सूर मात्र सदैव बाहेर उभ्या असलेल्या याचकाचा आहे. सिंधू, कान्होपात्रा, मीरा या साऱ्याजणी मागणाऱ्या. देणाऱ्याचे स्थैर्य त्या गळ्याला मानवले नाही.

दोष झाकण्याचे कारण नाही. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या चित्रात, मूळ नाटकाप्रमाणेच, ते पुन्हा स्त्रीवेषात आले. तेव्हा वय पन्नाशीला टेकले होते आणि कॅमेऱ्याची दृष्टी प्रेक्षकांच्या दृष्टीइतकी प्रेमळ नसते. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी आल्यावर नायिका त्यांच्याकडे गेल्या. पण जुनीच नाटके, जुनाच पसारा आणि जुनेच कर्ज ओढीत राहण्याचा हट्ट सुटला नाही. वेष उतरविण्यास त्यांनी उशीर केला, आणि त्याची किंमत त्यांच्या संसाराने, सहकाऱ्यांनी आणि खुद्द कलेनेही दिली. पुढे पाय अधू झाले, उभे राहणे सुटले. मग केवळ बसून भजने गाणे एवढेच उरले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले, ते अशा विकलावस्थेत. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले.

त्या अखेरच्या भजनांत दम तोकडा आहे, तानेची चपळाई ओसरली आहे. हे ज्याला कान आहेत त्यास कळतेच. परंतु शब्दाशी असलेले नाते तेच, मागणे तेच, एकटेपणही तेच. रसिकांनी ‘कान्होपात्रे’च्या तबकड्या प्रथम ऐकाव्या आणि लगोलग ही भजने ऐकावी. ‘ऱ्हास’ हा शब्द गंधर्व मंडळीच्या जमाखर्चाला खुशाल लावावा. गायनाला लावण्यापूर्वी मात्र एवढे ऐकण्याची तसदी प्रत्येकाने घ्यावी, इतकीच आमची विनंती आहे.