आवड म्हणावी की वर्ग?

डॅना बॉइड या संशोधिकेने २४ जून २००७ रोजी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मायस्पेस आणि फेसबुक यांत अमेरिकेतील किशोरांची जी वाटणी झाली होती, तिच्यात त्यांना सामाजिक वर्गाची रेघ दिसली. फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये जन्मले. मग इतर महाविद्यालये, शाळा आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. म्हणून महाविद्यालयाची वाट धरलेली मुले तिकडे गेली, कष्टकरी व स्थलांतरित घरांतील अनेक मुले मायस्पेसवर राहिली. मायस्पेसवरची चमकधमक कोणाला सुंदर वाटते नि कोणाला भडक, हेही त्याच रेघेवर ठरत होते.

निबंधाचे बळ निरीक्षणात आहे आणि उणीवही तेथेच. त्यात आकडे नाहीत, हे लेखिकेनेच मान्य केले आहे. त्याच वर्षी एस्टर हार्गिटाई यांनी शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रथम वर्षाच्या १०६० विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पालकांचे शिक्षण कमी असलेल्या विद्यार्थ्यांत मायस्पेसचा वापर अधिक आढळला. निरीक्षणातून गृहीतक, मापनातून त्याची कसोटी: विज्ञानाची ही रीत वर्गात समजावण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. निबंधात मुले आहेत. जाहिरातदार मात्र जवळजवळ नाही. आपल्याकडे बाजारपेठेच्या पाहण्यांत २०११ पासून कुटुंबाचा वर्ग दोन गोष्टींवरून ठरवला जाऊ लागला: मुख्य कमावत्याचे शिक्षण, आणि पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, शेतजमीन अशा ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. तेथे निदान दारावर येऊन विचारावे लागे. फेसबुकवर जाहिरात कोणत्या भागात, कोणत्या मोबाइलवर दिसावी हे जाहिरातदार निवडू शकतो. हातातला फोनच घरची ऐपत सांगतो. एकाच बाकावरच्या, धरमपेठेतल्या नि पारडीच्या दोन मुलांना त्यामुळे दोन निराळे बाजार दिसू शकतात, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

मायस्पेसची कथा आपल्याकडेही घडली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. तेथे कष्टकरी मुलांच्या केशरचनेला, नाचाला, दुचाकीला ‘छपरी’ म्हणून हिणवले जाऊ लागले. या शब्दाची नाळ छप्परबंद या समाजाच्या नावाशी जोडली जाते. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. नागपूरच्या वर्गांत हा शब्द आम्ही ऐकतो, आणि कधी त्यावर हसलोही आहोत. बॉइड यांचा निबंध वाचल्यावर ते हसू गिळावे लागते.

शिक्षकांनी निबंध जरूर वाचावा. मग विद्यार्थ्यांना एका आठवड्यात दिसलेल्या जाहिराती नावाविना चिठ्ठ्यांवर लिहू द्याव्यात आणि फळ्यावर त्यांचा तक्ता मांडावा. कोणाचा फोन कोणता, हे मात्र विचारू नये. नाहीतर जाहिरातदाराचेच काम आपण करू.